अंबाळ्याच्या काठावरून रामगिरीवर : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नागपूरहून जबलपूर रस्त्याने कामठी, कन्हान ओलांडून मनसरला उजवीकडे वळले की भाताच्या बांध्यांच्या पलीकडे एक लांबट टेकडी दिसू लागते आणि तिच्या एका टोकावर पांढरी देवळे चमकताना दिसतात. हाच रामटेकचा गड, म्हणजेच रामगिरी. अंबागड डोंगररांगेचे हे पश्चिमेकडचे टोक असून गावापासून माथ्यापर्यंतची उंची जेमतेम दीडशे मीटर भरते. टेकडीच्या कुशीत, बाजारगावापासून थोडा आडोसा धरून, अंबाळा नावाची वस्ती व त्याच नावाचा घाटबांधणीचा तलाव आहे. या तलावाच्या काठावरून दगडी पायऱ्यांची जुनी वाट गडावर जाते, आणि डोंगरावर पायी जाण्याची सवय नसलेल्या माणसाने विदर्भात पहिली चढाई करायची असेल तर तिची सुरुवात इथून करावी, असे माझे मत आहे.

सह्याद्रीत फिरलेली मंडळी दीडशे मीटर ऐकून हसतात. परंतु विदर्भात डोंगर चढताना माणूस उंचीने थकत नाही, तो उन्हाने थकतो. त्यामुळे इथल्या चढाईची आखणी किलोमीटरांवरून नव्हे, घड्याळावरून करावी लागते. माथ्यावरून परत पायथ्याशी किती वाजता पोहोचायचे हे आधी ठरवावे, आणि तिथून उलटे मोजत घरून निघण्याची वेळ काढावी. पुढचे सारे टप्पे याच हिशेबाने मांडले आहेत.

वाट निवडताना

पूर्व विदर्भ हा तलावांचा मुलूख आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, गावोगाव आहेत, आणि त्यांच्या पाळीवर उभे राहिले की मागे एखादी झाडीची टेकडी हमखास दिसते. ती पाहून चढण्याचा मोह होतो, पण अशा बहुतेक टेकड्या वनखात्याच्या ताब्यात असतात आणि काही थेट व्याघ्र प्रकल्पांत येतात. नवेगाव बांधचा तलाव आणि त्याभोवतीचे डोंगर हे याचे ठळक उदाहरण आहे. ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग असल्याने तिथे वाटेल तिकडे पायी हिंडता येत नाही. नागभीडजवळच्या घोडाझरी तलावाभोवतीचे जंगलही आता अभयारण्य आहे. अशा ठिकाणी पहिला प्रश्न वाट कोणती हा नसून परवानगी कोणाची हा असतो, आणि तो वनखात्याच्या फाटकावरच विचारावा. गावातला एखादा उत्साही तरुण ‘चला, मी नेतो’ म्हणाला तरी त्याच्या मागे जाऊ नये.

रामटेकच्या वाटेची गोष्ट वेगळी आहे. ती बांधीव आहे, शतकानुशतके यात्रेकरूंच्या पायाखालची आहे, आणि चुकण्यासारखी नाही. तरीही उत्तरेला पेंचचे जंगल फार दूर नाही, हे ध्यानात ठेवून पायऱ्या सोडून झाडीत उतरू नये आणि पुरते उजाडण्यापूर्वी चढायला लागू नये.

गडावर पोहोचण्याचे तीन मार्ग आहेत. एक डांबरी रस्ता, जो वाहनाने जवळजवळ माथ्यापर्यंत नेतो. दुसरा रामटेक गावाच्या बाजूने चढणाऱ्या पायऱ्यांचा. आणि तिसरा अंबाळ्याकडून. नवख्या माणसाने अंबाळ्याकडून चढावे आणि गावाच्या बाजूने उतरावे. यामुळे तीच वाट दोनदा तुडवावी लागत नाही, आणि दमल्यावर उतरून आपण थेट चहाच्या टपरीपाशी व बसस्थानकाच्या वाटेला लागतो. सोबत वृद्ध माणसे असतील तर त्यांना वाहनाने वर पाठवावे आणि भेटण्याची वेळ व जागा आधीच नक्की करावी. माथ्यावर मोबाइलवर ‘कुठे आहेस, कुठे आहेस’ करत बसण्यात सकाळचा अर्धा तास सहज जातो.

ऋतू

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा उत्तम काळ. नोव्हेंबरात भाताची कापणी चालू असते, वरून पाहताना काही बांध्या पिवळ्या तर काही नुसत्या धसकटांच्या दिसतात, आणि तलावांत पाणी भरलेले असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुके पडते. ते सूर्य वर येईपर्यंत अंबाळ्याच्या पाण्यावर रेंगाळते, आणि खालून चढताना माथा दिसेनासा होतो. फेब्रुवारीच्या अखेरीस पळस फुलू लागतो; तो पाहायचा असेल तर उन्हाची थोडी किंमत मोजावी लागते, पण माझ्या मते ती मोजण्यासारखी आहे.

मार्चच्या मध्यापासून सकाळी दहानंतर पायऱ्यांवर असू नये. एप्रिल व मे हे महिने नवख्यांनी सोडूनच द्यावेत. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि २५ मेच्या सुमारास सुरू होणारा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, हा तर घराबाहेर पडण्याचाही काळ नव्हे. उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवून फिरणारी वडीलधारी माणसे आमच्याकडे अजून आहेत. त्यांच्या कांद्याबद्दल मला वाद घालायचा नाही, परंतु कांदा ठेवूनही ती दुपारी डोंगर चढत नाहीत, एवढे मात्र पाहून ठेवावे.

पावसाळ्यात टेकडी हिरवीगार होते आणि छायाचित्रे उत्तम येतात. पण दोन अडचणी असतात. जुन्या दगडांवर शेवाळ धरते, आणि ते चढताना नव्हे तर उतरताना पाय घेते. दुसरी अडचण अधिक गंभीर, ती म्हणजे वीज. विदर्भात जून ते सप्टेंबरदरम्यान आणि त्याआधीच्या वळवाच्या सरींतही वीज पडून माणसे व गुरे दगावतात. उघडी टेकडी, त्यावर तट आणि एकाकी झाडे, अशी जागा तर विजेला बोलावणारीच. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज पाहावा आणि मोबाइलवर ‘दामिनी’ हे विजेचा इशारा देणारे अॅप ठेवावे. वाटेत ढग गडगडू लागले तर लखलखाट आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर, असा हिशेब असतो. अंतर तीस सेकंदांपेक्षा कमी झाले की पक्क्या छपराच्या बंदिस्त इमारतीत जावे, झाडाखाली किंवा चारी बाजूंनी उघड्या मंडपात थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

यात्रेचे दोन प्रसंग आणखी टाळावेत किंवा जाणूनबुजून निवडावेत. रामनवमीला आणि कार्तिकात वैकुंठ चतुर्दशी व त्रिपुरी पौर्णिमेला इथे प्रचंड गर्दी असते. यात्रा पाहायची असेल तर अवश्य जावे, परंतु त्या दिवसांत ती यात्रा असते, भटकंती नव्हे.

वेळेचा हिशेब

सपाटीवर साधारण माणूस तासाला चार किलोमीटर चालतो. चढावर दर १०० मीटर उंचीमागे पंधरा मिनिटे वाढवावीत, सोबत मुले असतील तर त्यावर आणखी निम्मा वेळ धरावा. या मोजमापाने अंबाळा ते गड हा प्रवास विश्रांतीसह एका तासात आरामात होतो. गडावर दोन तास, उतरायला पाऊण तास, आणि तलावाच्या काठावर सुरुवातीचा अर्धा तास मिळून सव्वाचार तास लागतात.

डिसेंबरात इथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. सातला अंबाळ्यात असले तर सव्वाअकराला आपण खाली येतो, आणि हिवाळ्यात हे अगदी सुखाचे असते. मार्चच्या सुरुवातीला मात्र दहापर्यंत उतरून व्हायचे असेल तर पावणेसहाला, म्हणजे अंधारात, सुरुवात करावी लागेल. तसे करायचे नसल्याने गडावरचे दोन तास कापून एक करावा आणि साडेसहाला चढायला लागावे. संध्याकाळी चढण्याचा विचार असेल तर डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या थोडे पुढे मावळतो हे विसरू नये. सूर्यास्त पाहून मग पायऱ्यांनी उतरणे म्हणजे अंधारात उतरणे. संध्याकाळी गेलेल्यांनी उतरताना डांबरी रस्ताच धरावा आणि जवळ विजेरी ठेवावी.

पोहोचणे

नागपूर ते रामटेक अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. एसटीच्या बसगाड्या सोयीच्या असून बसस्थानक गावातच आहे. इतवारी स्थानकातून रामटेकला रेल्वेचा फाटाही जातो, पण त्या गाड्यांची वेळ आपल्या सकाळच्या हिशेबात बसते की नाही, हे आदल्या दिवशी तपासूनच त्यावर विसंबावे. तुमसरकडून येणाऱ्यांना भंडारा जिल्ह्यातून थेट रामटेकला येणारा रस्ता आहे. स्वतःचे वाहन असल्यास ते रामटेक गावात उभे करावे व अंबाळ्यापर्यंत ऑटोने जावे. वाहन अंबाळ्यात ठेवले तर वर सांगितलेला चढ-उताराचा बेत उलटा पडतो आणि दमलेल्या पायांनी पुन्हा तलावाकडे यावे लागते.

सोबत काय घ्यावे

माणशी दोन लिटर पाणी घ्यावे. हे जास्त वाटते, पण वर विकत मिळेल या भरवशावर चढू नये. मीठ-साखरेची किंवा ओआरएसची दोन पाकिटे, डोक्याला सुती दुपट्टा, मागून पट्टा असलेल्या चपला किंवा मऊ तळव्याचे बूट, आणि पाठीवर बसणारी व चेनने पूर्ण बंद होणारी पिशवी एवढे पुरे. हातात लोंबणारी प्लास्टिकची पिशवी मुळीच नको. तिचे कारण पुढे येईल.

खाण्यासाठी फुटाणे, शेंगदाणे, गूळ, दशम्या आणि जवसाची चटणी उत्तम. हंगाम असेल तर संत्री घ्यावीत, मात्र ती खाली, वाहनाजवळ किंवा बसस्थानकावर खावीत. सकाळी तर्री पोहे खाऊन चढायला लागणारे पुष्कळ भेटतात. तर्री पोह्यांवर माझे प्रेम आहे, पण ते उतरल्यावरचे खाणे आहे.

एक वस्तू कोणत्याही यादीत नसते, ती म्हणजे जाड सुती मोजे. गडाच्या आत देवळांच्या आवारात पादत्राणे काढावी लागतात आणि तिथे फरशी दगडाची आहे. एकदा मार्चमध्ये आम्ही उशिरा निघालो, बाराला वर पोहोचलो, आणि माझी आत्या देवळापासून चपलांपर्यंतचे अंतर अक्षरशः सावलीच्या पट्ट्यांवरून उड्या मारत आली. दर्शनाचे काय झाले ते तिला आठवत नाही, तळव्यांचे मात्र अजून आठवते. उन्हाने तापलेल्या दगडावर मोजे फार उपयोगी पडतात.

तलावापासून माथ्यापर्यंत

अंबाळ्याला पोहोचल्यावर लगेच चढायला लागू नये. तलावाला चहूबाजूंनी दगडी घाट आहेत आणि काठाने लहानमोठी देवळे उभी आहेत. इथे अस्थिविसर्जन व उत्तरक्रिया करण्यासाठी दूरदूरच्या गावांहून कुटुंबे येतात, म्हणून घाटावर आवाज जपून करावा आणि माणसांची छायाचित्रे काढू नयेत. चालायला सुरुवात करण्यापूर्वी पायांचे स्नायू थोडे मोकळे करणे, दोन घोट पाणी पिणे आणि बुटांच्या नाड्या पाहणे, ही कामे इथे सावलीत उरकावीत.

चढताना वेग असा ठेवावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे असे समजावे. पहिल्या दहा मिनिटांत जोरात चढून मग बसणारा माणूस सावकाश चढणाऱ्याच्या नंतर पोहोचतो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता सांगतही नाही, फक्त मागून चालतो. थांबायचे तर सावलीत, पायरीच्या कडेला, आणि दोन-तीन मिनिटेच. वाटेत मागे वळून खाली पाहावे. अंबाळ्याचा तलाव लहान होत जातो व त्याच्या चौकटीसारख्या काठाचा आकार वरूनच नीट कळतो.

झाडांवर किंवा तटाच्या कोपऱ्यात मोठी पोळी दिसली तर ती आग्या मोहोळाची असू शकतात. त्यांच्याजवळ धूर करू नये, दगड मारू नये, मोठ्याने ओरडू नये, आणि त्या दिवशी अत्तर लावून जाऊ नये. माश्या उठल्याच तर दुपट्ट्याने तोंड झाकून सरळ दूर पळावे; हात झटकत एका जागी उभे राहणे हा सर्वांत वाईट उपाय आहे.

माथ्याजवळ आल्यावर दोन नरसिंह मंदिरे पाहण्यास विसरू नये, कारण बहुतेक लोक थेट रामाच्या देवळाकडे निघून जातात. केवल नरसिंह व रुद्र नरसिंह अशी त्यांची नावे असून ती वाकाटक राजघराण्याच्या काळातली, म्हणजे सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीची आहेत. केवल नरसिंहाच्या देवळात त्या घराण्याशी संबंधित शिलालेख आहे. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरी दिली होती आणि तिने मुलांच्या लहानपणी राज्य चालवले. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकच्या दक्षिणेचे आजचे नगरधन, असे अभ्यासक मानतात. वरच्या तटावरून दक्षिणेकडे पाहताना हे ठाऊक असले तर समोरचे सपाट शिवार नुसते शिवार राहत नाही.

याच भागात दगडी वराहाची भव्य मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून सरपटत जाणारा पापमुक्त होतो आणि पापी अडकतो, अशी समजूत आहे. जड बांध्याच्या मंडळींनी पाठीवरची पिशवी आधी काढावी, एवढाच माझा व्यावहारिक सल्ला. पुढे एकामागून एक वराह, सिंगपूर, भैरव आणि गोकुळ अशा दरवाजांतून आत जावे लागते. आतला तट नागपूरच्या पहिल्या रघूजी भोसल्यांनी बांधल्याचे सांगितले जाते. लक्ष्मणाचे देऊळ आधी लागते, त्यामागे रामाचे.

कालिदास स्मारकही टेकडीवरच आहे. ‘मेघदूता’तला विरही यक्ष ज्या रामगिरीवर राहत होता तो हाच, असे मत वासुदेव विष्णु मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी मांडले, आणि त्यावरूनच हे स्मारक इथे उभे आहे. वेळ कमी असेल तर ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवावे, तटावरचे दृश्य मात्र सोडू नये. तटावरून एका बाजूला खिंडसीचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. तो सूर नदीवरच्या धरणामुळे तयार झाला असून त्याच्या कडेच्या टेकड्या पाण्यात पाय सोडून बसल्यासारख्या दिसतात. सकाळी आठ-नऊच्या दरम्यान प्रकाश तिरपा असतो, तेव्हा हे पाणी सर्वांत चांगले दिसते. दुपारी सगळे पांढुरके होते.

वानरांविषयी

गडावर काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरे पुष्कळ आहेत. ती हिंस्र नाहीत, पण त्यांना माणसांच्या पिशव्यांची उत्तम जाण आहे. नारळ, प्रसाद, केळी आणि सळसळणारे प्लास्टिक ती लांबूनच ओळखतात. म्हणूनच पिशवी बंद हवी व खाणे खाली. एखाद्या वानराने काही ओढलेच तर ते सोडून द्यावे. ओढाताण करू नये, दात विचकून हसू नये, डोळ्यांत रोखून पाहू नये, आणि काठी असेल तर ती उगारण्याऐवजी नुसती जमिनीवर टेकवून उभे राहावे. मुलांना मोठ्या माणसांच्या मधोमध चालवावे. चावा किंवा ओरखडा लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. ‘लहानशीच आहे’ म्हणून हळद लावून घरी जाऊ नये. वानरांना खायला घालणे हे पुण्य नाही, पुढच्या माणसाची पिशवी फाडण्याची शिकवणी आहे.

उतरताना आणि काही बिघडले तर

गुडघे चढताना नाही, उतरताना बोलतात. पायरीवर पूर्ण तळवा टेकवावा, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, आणि उड्या मारत उतरणाऱ्या मुलांना पुढे जाऊ देऊ नये. वाटेवरच्या पाचोळ्यात पाय घालण्यापूर्वी काठीने तो हलवावा. घोणस व मण्यार हे दोन्ही विषारी साप विदर्भात सर्वत्र आहेत. साप चावल्यास त्या अवयवाला आवळून दोरी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये. माणसाला शांत बसवून अवयव न हलवता रुग्णालयात न्यावे.

डोके दुखणे, मळमळ, घाम अचानक थांबणे आणि बोलण्यात असंबद्धता ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा माणसाला ताबडतोब सावलीत आडवे करून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तो नीट शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नये. इतर कोणत्याही आणीबाणीसाठी ११२, आणि वन्यप्राण्याशी संबंधित घटनेसाठी वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. हे तिन्ही निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावेत.

गावाच्या बाजूने खाली आल्यावर परतीच्या बसची वेळ पाहावी, आणि वेळ असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात उकडलेले काळे शिंगाडे मिळतात का ते विचारावे. ते सोलताना बोटे काळी होतात, आणि टरफलांचे काटे चांगलेच टोचतात, म्हणून टोकापासून नव्हे तर मधून दाताने फोडावेत.